पोटखराब

४ मार्च

आले एकदाची! जीपमधून उतरले तेव्हा हाडं खिळखिळी झाली होती, पण निळ्या खिडक्यांचं टुमदार घर बघितलं आणि जीव निवला. वरची खोली माझी. पलंग, टेबल, पाण्याचा नळ खोलीतच, आणि खिडकीतून गावातला अख्खा रस्ता दिसतो. मला आणखी काय हवं? रस्त्यासाठीच तर आलेय. या गावाला बगल देणारा बायपास कुठून न्यायचा ते ठरवायचं, त्याच्या मधोमध खुंट्या ठोकायच्या आणि महिनाअखेर घरी परत.

घरमालकीण साठीच्या, अंगाने भरलेल्या आणि तोंडाने फटकळ. त्यांना काकू म्हणायचं हे त्यांनीच ठरवून टाकलं. मी माझी चादर, माझा साबण, माझा चमचा बॅगेतून काढत होते तेव्हा त्या दारात कमरेवर हात ठेवून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, हवासुद्धा घरूनच आणायची होती, तेवढी कशाला ठेवलीस. नवऱ्याचंही तेच म्हणणं, की मला टापटिपीचा किडा चावलाय. चावू दे. घाण बघितली की माझं डोकं फिरतं, त्याला मी काय करू?

चौथा महिना चाललाय. ऑफिसात कुणाला कळू दिलेलं नाही, नाहीतर मला खुर्चीत बसवतील आणि माझी आखणी भलताच कुणीतरी करेल. मागच्या वर्षीचं टिकलं नाही. हे टिकावं म्हणून नवरा आणि मी दोघंही जीव मुठीत धरून आहोत, डॉक्टरीणबाईंनी फिरायला हरकत नाही म्हटलं तेव्हाच निघाले. काकूंनी मात्र लगेच ओळखलं. दुधावरची साय बघून मी तोंड फिरवलं, तेवढं त्यांना पुरलं. फार मळमळतं, अन्न ठरत नाही, अशी मी तक्रार केली तर बाई चक्क खूश झाल्या. मळमळतंय तेच बरं, म्हणाल्या. असतात एकेक माणसं.

६ मार्च

आज गाव पालथं घातलं. माझ्या हाताखाली एकच माणूस आहे. मी दुर्बिणीतून बघते तेव्हा तो लांब उभा राहून आकडे लिहिलेली उंच पट्टी धरतो, म्हणून सगळे त्याला पट्टीवाला म्हणतात. पन्नाशीचा, गालात कायम तंबाखू, आणि जिभेला हाड म्हणून नाही. पण पट्टी अशी सरळ धरतो की बघत राहावं.

रस्त्याचं दुखणं पहिल्याच फेरीत कळलं. सरळ येणारा रस्ता गावाजवळ अचानक पोट सुटल्यासारखा बाहेर जातो, दुकानांच्या पायऱ्यांना घासत मोठ्ठा वळसा घेतो आणि पुन्हा सरळ होतो. त्या वळणावर ट्रक उलटतात. मागच्या महिन्यात शाळेची बस कलंडली, नशीब म्हणून मुलं वाचली. पट्टीवाल्याच्या मते हा रस्ता आखणाऱ्याची सासुरवाडी मध्ये येत असणार, एरवी इतका वळसा कोण घालतं. आणि मध्ये काय आहे? काही नाही! उघडी पडीक जमीन. ना झाड, ना घर, ना कुंपण. तिच्यातून सरळ रेघ मारली की काम संपलं.

पण ती जमीन! शी! लिहितानासुद्धा घशाशी येतंय. अख्खं गाव तिच्यावर घाण टाकतं. नासलेलं दूध, जळकं तेल, साबणाचं काळं पाणी, मासळीची आतडी, न्हाव्याकडचे केस, म्हाताऱ्यांच्या खाटेखालची भांडी. सकाळी बायका-पुरुष बादल्या घेऊन येतात, जमिनीच्या कडेला उभे राहून लांब भिरकावतात आणि मागे न बघता घरी जातात. कडेकडेने वाळलेल्या घाणीचा हातभर जाड थर झालाय. वारा आला की तो वास तोंडात जाऊन बसतो. मी दोनदा ओकले. पट्टीवाल्याने तंबाखू पुढे केला, वासावर उतारा म्हणून.

गावप्रमुखांना विचारलं की ही जमीन कुणाची. कुणाचीच नाही, ते पोटखराब आहे, असं म्हणून त्यांनी विषय बदलला. मला तर नाचावंसं वाटलं. आमच्या कागदांत पोटखराब म्हणजे जिच्यात काही पिकत नाही अशी निकामी जमीन. भांडण नाही, मोबदल्याची कटकट नाही, कुणाचं शेत जात नाही. इतकी सोपी आखणी माझ्या नशिबात कधी आली नव्हती.

९ मार्च

काल दिवसभर नाकाला रुमाल बांधून खुंट्या ठोकल्या. आज सकाळी जाऊन बघते तर सगळ्या बाहेर! उपटलेल्या म्हणाव्यात तर तसं नाही, आजूबाजूला फेकल्यासारख्या पडलेल्या. आणि प्रत्येकीवर पांढरट पिवळा चिकटा. एक उचलली तर बुळबुळीत तार हातापासून खुंटीपर्यंत लोंबत राहिली. आंबूस वास. हात चार वेळा धुतले तरी जात नाही.

हे गावाचंच काम. रस्ता गावाबाहेर गेला की चहावाला, पंक्चरवाला, खानावळवाला यांचा धंदा बसणार, म्हणून यांच्या पोटात दुखतंय. ते मी समजू शकते. पण खुंट्यांना असलं काहीतरी फासायचं? त्याला काय म्हणावं?

काकूही रोज बादली घेऊन जातात. शिळं, नासकं, खरकटं आठवडाभर झाकून ठेवतात, चांगलं सडू देतात, मग नेतात. मागच्या अंगणात त्यांचा तो पिंप आहे, मी तिकडची खिडकी उघडतच नाही. हे कशासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, मुलीच्या लग्नादिवशीही मी गेले होते, हळदीच्या— नाही, मेंदीच्या— असंच काहीतरी, मी ऐकलं नाही नीट. मला पिंपावरच्या माश्या दिसत होत्या.

१२ मार्च

आज गावाची सभा झाली. धंद्याबद्दल सगळे तावातावाने बोलले. जमिनीवर घाण टाकणं बंद करायचं असं मी म्हटलं मात्र, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. चहावाला पायाकडे बघायला लागला. टाकायची सवय आहे, म्हणाला. वाडवडील टाकत होते, दुसरा एकजण म्हणाला. का टाकत होते, ते कुणाच्या तोंडून निघेना. चारचौघांत सांगायची लाज वाटत असावी असा चेहरा करून बसले होते.

गावप्रमुख तेवढे माझ्या बाजूचे. त्यांना बायपासवर पेट्रोल पंप काढायचाय. लोकांना उद्देशून म्हणाले की जग कुठे चाललंय आणि आपण कुठे बादल्या घेऊन चाललोय. त्यावर काहीजण हसले. काकू पोटतिडकीनं काहीतरी सांगायला उठल्या, तर प्रमुखांनी त्यांना वहिनी वहिनी करत खाली बसवलं.

उद्यापासून मशीन लागेल. वरचा थर खरवडून टाकायचा, टँकरने धुवायचं, चुना मारायचा, सगळीकडून तारेचं कुंपण. परत आले तर काकूंनी जेवण टेबलावर आदळलं आणि तडक आत निघून गेल्या. राग जेवणावर काढला नाही तेवढं नशीब.

१५ मार्च

काय सुंदर दिसतंय! पांढरी स्वच्छ जमीन, चकचकीत तार, कडेला पाटी. वास गेला. खुंट्या ठोकल्या त्या जागच्या हलल्या नाहीत. मोठ्या साहेबांना फोटो पाठवला, त्यांनी शाबासकी दिली. शाबासकी त्यांच्याकडून वर्षातून एकदा मिळते.

एकच गोष्ट नको वाटली. थर खरवडल्यावर खालची माती निघाली ती करड्या-गुलाबी रंगाची, ओली आणि चुण्या पडलेली. पट्टीवाल्याने बुटाने दाबली तर दबली आणि हळूच परत वर आली. चुना पडला तिथे ती आक्रसली. ओली चिकणमाती असेल. मी हात लावला नाही. सोललेलं काहीतरी बघतोय असं वाटत होतं.

आणखी एक चांगली बातमी. शहरातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी मळमळीच्या गोळ्या लिहून दिल्या, जीपवाल्याने आणल्या. कालपासून ओकारी नाही! भात, दोन अंडी आणि वर दूध, सायीसकट. नवरा फोनवर रडायच्या बेतात होता. काकूंनी गोळ्यांची पट्टी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. ओकतेस तोवर तुला भीती नाही, घेऊ नकोस, असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या हाताला पिंपाचा वास येत होता. मी हात सोडवून घेतले आणि परत धुतले.

१८ मार्च

खुंट्या आत चालल्या आहेत. परवा हातभर वर होत्या, आज नुसती डोकी दिसताहेत. पट्टीवाल्याने एक दोन्ही हातांनी ओढली. निघेना. मग ती त्याच्या हातातून खाली गेली. त्याने सोडली नव्हती. हात बाहेर काढला तर मनगटापर्यंत तो चिकटा, आणि तळव्याची कातडी उकडल्यासारखी पांढरी. कापडाने पुसली तर कातडीच निघाली. मी तोंड फिरवलं.

आज मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितल्याशिवाय हलणार नाही म्हटलं. त्यांनी सांगितलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

ते एक पोट आहे म्हणे. कुणाचं, ते त्यांच्या आजीलाही माहीत नव्हतं. पूर्वी त्याने शेळ्या घेतल्या, माणसं घेतली, एक वाट घेतली. मारता येत नाही, बुजवता येत नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की घाण टाकली की त्याला पचत नाही. बिघडलेल्या पोटाला भूक लागत नाही. खाल्लेलं उलटून टाकतं आणि पडून राहतं. तेव्हापासून गाव रोज त्याला घाण घालतं. रस्ता वळवला तो त्याच्यासाठीच. ते पोट खराब ठेवायचं, कायम. चांगल्या घरच्या माणसांनी हे काम करायचं आणि लाजेने ते पोटात ठेवायचं.

मी हसले. मग हसू थांबलं. कागदावर तो एक शब्द आहे. प्रमुखांनी मला दोन सांगितले होते. पोट, खराब आहे. आणि मी ते खरवडून, धुऊन, बरं केलं.

नाही. असं काही नसतं. माती खचते, खुंट्या बुडतात, चुन्याने हात भाजतो. उद्या जमीन तपासायला माणसं मागवते.

२० मार्च

सकाळपासून वास येतोय. चांगला. भट्टीतून आत्ता काढलेल्या पावाचा, वर लोणी सोडलेल्या. गावात कुणी भट्टी लावलेली नाही. कुत्री तारेखालून आत गेली, शेपट्या हलवत. एकही दिसत नाही.

पट्टीवाला कुत्र्यांना हाकलायला म्हणून गेला. मी दुर्बिणीत होते, तो मला दिसत होता. मध्यावर गेला, थांबला, वळून माझ्याकडे बघून हसला. बूट काढले. नीट जोडीने ठेवले. मग खाली बसला, जेवायला बसतात तसा—

मी धावले. तारेपर्यंतच. पट्टी उभी होती, कुणी न धरता, एकदम सरळ. खाली जात होती. आकडे एकेक करून आत जात होते.

मग जमिनीने ढेकर दिला.

गरम वाफ आली तोंडावर. तिला तंबाखूचा वास होता. त्याच्या तंबाखूचा. मी ओठ पुसतेय, पुसतेय, अजून पुसतेय. किळस येते म्हणजे काय ते आज कळलं. आजवर नुसतं नाक मुरडत होते.

त्याच्या बायकोला काय सांगू?

२१ मार्च, सकाळ

साहेबांना फोन केला. तुला विश्रांतीची गरज आहे, म्हणाले. नवरा न्यायला येतो म्हणतोय, त्याला शपथ घातली की येऊ नकोस, मीच निघते. कशी निघू? वळणावर रस्ता मधोमध दबलाय. आमची जीप तिथे होती. आता तिथे एक ओला खळगा आहे आणि त्याच्या कडा हलताहेत, दात नसलेल्या माणसाने घास चघळावा तशा.

गावाने तार तोडली. प्रमुख स्वतः बादली घेऊन होते, रडत होते. जे होतं नव्हतं ते सगळं टाकलं. पिंपं, गटारं, सगळं. मी पण टाकलं. या हातांनी, माझ्या या हातांनी. काही उपयोग नाही. टाकलेलं चटकन आत जातं आणि वर स्वच्छ. इतक्या वर्षांचा थर होता. तो मी काढला.

आता त्याला सगळं पचतं.

काकू म्हणाल्या की ज्याला वास चांगला वाटायला लागतो तो जातो. ज्याला शिसारी येते तो वाचतो. गोळ्या फेकून दे आणि ओक, पोटातल्या लेकरासाठी ओक, असं म्हणाल्या. गोळ्या संडासात टाकल्या. पण मळमळ काही परत येत नाही. बोटं घालून बघितली. मिठाचं पाणी प्यायले. ते प्यायले आणि पोटात राहिलं. बरं वाटलं उलट.

२१ मार्च, दुपार

लोक शेतांतून पलीकडे चाललेत, पायी. काकू मला न्यायला वर आल्या. त्यांनी अंगभर पिंपातलं फासलं होतं, केसांत, तोंडावर, आणि माझ्यासाठी डबाभर आणलं होतं. फास म्हणाल्या. पाया पडते म्हणाल्या. मी डबा नाकाशी नेला—

वास आला नाही. कसलाच.

आणि काकूंचा वास आला. उकडलेल्या—

त्यांना सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरकल्या. तुम्ही पुढे व्हा, मी जरा खाऊन निघते, असं मी म्हणाले. माझ्याच तोंडून. त्या हमसून रडल्या. माझ्या पोटावर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या आणि गेल्या. जिन्यावर त्यांची चिकट पावलं उमटलीत. मी ती बघत बसलेय. पुसावंसं वाटत नाही. मला!

जायला हवं. शेतांच्या बाजूला. बाळासाठी जायला हवं. नीट लिहून ठेवते म्हणजे लक्षात राहील: शेतांच्या बाजूला. डावीकडे.

दुपारीच, नंतर

उजवीकडे आलेय. नुसतं बघायला. खुंट्यांची ओळ चुकली असेल तर—

इथे चिखल नाही. घाण नाही. किती छान स्वच्छ आहे. बूट घालून यावर कोण चालेल. काढले. जोडीने ठेवले.

जमीन कोमट. तळव्यांना गुदगुल्या होतात.

किळस आण. किळस आण. साय. आतडी. माश्या. त्याच्या हाताची कातडी. लिहितेय आणि तोंडाला पाणी सुटतंय—

घोट्यापर्यंत. दुखत नाही.

शेतांच्या बाजूला कुणीतरी हाका मारतंय, काकू असतील, बाई बाई म्हणून. थांबा ना. एवढा घास—

मी दोन जिवांची आहे. दोघांसाठी खायला हवं. त्याला भूक लागलीय, मला आतून कळतंय. त्याला म्हणजे बाळाला. की—

नाही, बाळाला नाही, हे तर खालून—